स्मार्ट टीव्हीवर धडा दाखवला की वर्ग शांत बसतो, पण वहीत काही उतरत नाही. तुम्ही कसं करता?

खानापूरचे_विज्ञान_सर
नमस्कार सगळ्यांना. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलला गणित-विज्ञान शिकवतो, आठवी ते दहावी. गावातल्या माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवून शाळेला मोठा स्मार्ट टीव्ही दिलाय, त्यामुळे तो वापरायचाच आणि नीट वापरायचा असं मनापासून वाटतं. पण एक गोष्ट सारखी खटकतेय ती इथं मांडतो.

दहावीचा प्रकाशाचा धडा घ्या. बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती व्हिडिओत अर्ध्या मिनिटात तयार होते, किरण सरसर येतात, वळतात, प्रतिमा उलटी दिसते, मुलं एकदम गप्प बसून बघतात, आणि दुसऱ्या दिवशी वस्तू नाभीच्या दुप्पट अंतरावर ठेवली तर प्रतिमा कुठं येईल काढा म्हटलं की निम्म्या वर्गाचा पहिला किरणच चुकीच्या दिशेला जातो. फळ्यावर मी पट्टी धरून काढायचो तेव्हा माझ्याबरोबर त्यांचीही पट्टी चालायची, वेळ लागायचा पण हाताला वळण लागायचं. एसएसएलसीला, म्हणजे आपल्या दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला, आकृती हातानंच काढायची आहे शेवटी.

त्यात आमची दुसरी अडचण तुम्हाला माहीतच आहे. आपली कर्नाटकातली गणित-विज्ञानाची पुस्तकं केंद्राच्या एनसीईआरटीच्या धर्तीवरची, मराठीत मिळणारे बहुतेक व्हिडिओ महाराष्ट्र बोर्डाचे, धड्यांचा क्रम वेगळा, मांडणी वेगळी. आणि आपल्या अभ्यासक्रमाचे चांगले व्हिडिओ शोधावेत तर ते कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत. मग मी आवाज बंद करून स्वतः बोलतो. त्यात तोटा नाही उलट बरंच वाटतं, पण मुलं नुसती बघतच राहतात हा मुद्दा काही सुटत नाही. बेळगाव, चिक्कोडी, निपाणीकडचे शिक्षक असाल तर तेवढं सांगा, तुम्ही टीव्ही नेमका कधी लावता आणि कधी लावत नाही?

निपाणी_फिजिक्स
सर अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. माझं मत जरा कडक आहे, जे हातात धरून दाखवता येतं ते टीव्हीवर दाखवूच नये. भिंग स्वस्त आहे ओ. वर्गाची एक खिडकी उघडी ठेवायची, समोरच्या भिंतीजवळ कागद धरायचा, भिंग मागंपुढं करायचं, बाहेरचं झाड उलटं होऊन कागदावर स्पष्ट उमटलं की तिथून भिंगापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजायचं, हेच साधारण नाभीय अंतर. पोरांनी हे स्वतः केलं की किरणाकृतीला अर्थ येतो, नाहीतर त्या नुसत्या रेघा.

टीव्ही कुठं लावायचा तर जिथं डोळ्याला दिसणारच नाही तिथं. तारेतून इलेक्ट्रॉन कसे सरकतात, रेणू तापल्यावर कसे हलतात. त्यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (PhET) वापरा, फुकट आहे, बरीच सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर स्वतः बदल करून बघायचे प्रयोग, मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर घेतली की नेट लागत नाही. व्हिडिओत आणि यात मोठा फरक हा की व्हिडिओ त्याच्या वेगानं पळतो, सिम्युलेशन मुलाच्या हातानं चालतं. बल्ब दोन केले तर उजेड वाढेल का कमी होईल, आधी वहीत लिहा, लिहिल्याशिवाय मी पुढं सरकतच नाही. ज्यानं लिहिलंय तो मान वर करून बघतो, कारण त्याला आपलं खरं झालं का ते बघायचं असतं.

तुमच्याच धड्यातला एक प्रश्न सांगतो, पुस्तकातच आहे. भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकला तर प्रतिमा पूर्ण येईल का? जवळजवळ सगळी पोरं अर्धीच येणार म्हणतात. मग मेणबत्ती लावून करून बघायचं. प्रतिमा पूर्ण येते, फक्त अंधूक होते, कारण वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या उरलेल्या अर्ध्यातूनही जातातच. त्यानंतर फेटवर भिंगाचा व्यास कमी करून दाखवा आणि मगच पट्टी-पेन्सिल. हा क्रम उलटा केला तर मजा जाते.

शहापूरची_टीचर
निपाणीच्या सरांचं पटलं पण पूर्ण नाही. माझा वर्ग मोठा आहे, एक भिंग आणि एक मेणबत्ती धरली तर पुढच्या दोन बाकांना दिसतं, मागं नुसता गोंधळ. मी काय करते, मोबाईलचा कॅमेरा त्या कागदावर धरते आणि मोबाईलची स्क्रीन टीव्हीवर घेते. प्रयोग खराच आहे, समोरच चाललाय, फक्त मागच्या बाकापर्यंत पोचतोय. माझ्यासाठी टीव्हीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, व्हिडिओ तर मी फार कमी लावते.

तसंच वह्यांचं. एखाद्या मुलीची किरणाकृती कॅमेऱ्याखाली ठेवायची, नाव झाकून, आणि विचारायचं की हा किरण भिंगात शिरल्यावर असाच वळेल का. मुलं आपणहून चूक शोधतात, कारण काढणारी आपल्यातलीच आहे. छापील सुंदर आकृती बघून जे होत नाही ते अशा वाकड्या आकृतीवर बोलून होतं, हे मी खात्रीनं सांगते. मात्र जिची वही आहे तिला आधी विचारते, नको म्हणाली तर घेत नाही.

जांबोटी_नलीकली
मी प्राथमिकची, पहिली ते तिसरी एकत्र, त्यामुळे तुमच्या भिंगापर्यंत आमची पोरं अजून यायचीत :) पण आमच्याकडं जून-जुलैत पाऊस सुरू झाला की लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि रेंज तर शाळेमागच्या चढावर गेल्याशिवाय येत नाही. म्हणून टीव्हीवर अवलंबून धडा मी ठरवतच नाही. मी मोबाईलचा रेकॉर्डर वापरते. मूल परिच्छेद वाचतं, मी रेकॉर्ड करते, त्यालाच ऐकवते. कुठं अडखळलं ते त्याला स्वतःला कळतं आणि परत वाचतो म्हणतं. मराठी वाचनाला करते तसंच कन्नडलाही करते. घरात कन्नड कानावर पडत नाही त्या मुलांना स्वतःचा आवाज ऐकून धीर येतो, हे मी बघितलंय. नेट नको, लाईट नको, एका गटाबरोबर मी बसले असताना दुसऱ्या गटातली दोघं कोपऱ्यात हे करत बसतात.

उद्यमबाग_पालक
मी शिक्षक नाही, फाउंड्रीत आहे. पण पालक म्हणून एक सांगूलालोय, राग मानू नका. वर्गात काय दाखवता ते दाखवा, पण ग्रुपवर लिंक टाकून घरी बघून या म्हणू नका. घरात फोन एकच, तो माझ्याबरोबर कामावर असतो, मी रात्री घरी येतो तेव्हा दोन्ही पोरं त्याच्यासाठी भांडतात, आणि धाकटीची पाळी येईपर्यंत ती झोपलेली असते. २०२० मध्ये कोरोनात हेच सोसलंय. दुसऱ्या दिवशी ज्यानं बघितलं नाही त्याला वर्गात उभं करतात, त्यात त्या पोरीचा काय दोष ओ? ते भिंग आणि खिडकीचं वाचलं, ते आवडलं. तसलं काहीतरी घरी करायला द्या की, मी पण बसेन तिच्याबरोबर.

खानापूरचे_विज्ञान_सर
सगळ्यांचे आभार. पालकांनी लिहिलंय ते मुख्याध्यापकांपुढं ठेवणार आहे, आमच्याकडं पण कामावरून उशिरा येणारी आईबाप खूप आहेत. अर्ध्या भिंगाचा प्रयोग या आठवड्यातच घेतो, आधी वहीत लिहायला लावून. आणि टीचर, तुम्ही मोबाईल टीव्हीला जोडता कसा? केबलनं का? आमच्या शाळेत वायफाय नाही.

शहापूरची_टीचर
सर केबल घ्यायची घाई करू नका. टाइप-सी टू एचडीएमआय केबल बऱ्याच स्वस्त फोनना चालतच नाही, फोनमध्येच तशी सोय लागते. आधी टीव्हीच्या मेनूत स्क्रीन मिररिंग आहे का बघा, आणि फोनमध्ये कास्ट किंवा स्मार्ट व्ह्यू. दोन्हीकडं असेल तर बहुतेक वेळा फोन-टीव्ही थेट जोडले जातात, नेट लागत नाही. चित्र जरा मागं राहतं पण चालतं. फोन धरायला बाकावर पुस्तकांची चळत करायची आणि वर पट्टी आडवी ठेवून तिच्यावर फोन, कॅमेरा बाहेर येईल असा. मेणबत्ती लावाल तेव्हा फोन जरा लांबच ठेवा आणि वर्गाचा पंखा बंद.