तिसरी-चौथीच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवावा का? मला वाटतं हो, पण कोडिंग नको

सिंहगडरोडची_आई
गेले सात महिने दर शनिवारी सकाळी धायरीत आमच्या सोसायटीच्या ऑफिसमागच्या खोलीत मी आसपासच्या तिसरी-चौथीच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवते. सोसायटीतली मुलं आहेत, शेजारच्या चाळीतली आहेत, वॉचमनची दोघं आहेत. चार जुने पीसी, त्यातले दोन तपकीर गल्लीतून सुटे पार्ट आणून उभे केलेले, सगळ्यांवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली. फी काही नाही. परवा मीटिंगमध्ये दोघांनी हरकत घेतली की एवढ्याशा पोरांना आणखी एक स्क्रीन कशाला, आणि तिसऱ्यांनी विचारलं की मग कोडिंगच का शिकवत नाही. मला दोन्ही पटलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिल्या दिवशी एका मुलाने खुर्चीत बसल्या बसल्या मॉनिटरवर बोट ठेवून वर सरकवलं, काही हललं नाही, तर मला म्हणाला "काकू हा हँग झालाय." एका मुलीचा माऊस टेबलाच्या कडेला पोचला आणि बाण अजून स्क्रीनच्या मध्येच, तर ती माऊस तसाच कडेवरून खाली नेऊन टेबलाच्या पायावर घासायला लागली. माऊस उचलून परत मागे ठेवता येतो हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की ते कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं हेच आपण विसरलोय. ह्याच मुलांना घरी मोबाईलवर हवा तो व्हिडिओ दहा सेकंदांत सापडतो. म्हणजे मोबाईल येतो म्हणून कॉम्प्युटर येतोच असं जे आपण धरून चालतो ते खरं नाही.

मग दुसऱ्या का तिसऱ्या शनिवारी लाईट गेली. एका मुलीने टक्स पेंट ह्या मुलांच्या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये अर्धा तास बसून पर्वती काढली होती, पायऱ्या एकेक करून, सगळं गेलं. ती खूप रडली. पण पुढच्या शनिवारी ती चार पायऱ्या काढायची की सेव्ह करायची, आणि शेजारच्या मुलाला पण "केलंस का सेव्ह" म्हणून विचारायची. आपलं काम आपण जपून ठेवायचं, त्याला नाव द्यायचं, कुठे ठेवलं ते लक्षात ठेवून परत शोधून काढायचं, हे मला कोडिंगच्या कितीतरी आधीचं वाटतं. त्याच्यासोबत पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, घरच्यांच्या फोनवर ओटीपी आला आणि कुणी फोन करून विचारला तर तो वाचून दाखवायचा नाही, आणि मराठीत टाईप करायचं. बस एवढंच शिकवते. आठवड्यातून चाळीस मिनिटं.

मराठी टायपिंगबद्दल थोडं जास्त लिहिते कारण मला सगळ्यात आनंद त्याचा झाला. इनस्क्रिप्ट, म्हणजे कीबोर्डवर मराठीसारख्या भारतीय लिप्यांची अक्षरं कुठे असावीत ती मांडणी, आपल्याकडे 1986 पासून प्रमाण म्हणून ठरलेली आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीत ती आयतीच असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बरीचशी व्यंजनं, क आणि ख एकाच बटणावर, ग आणि घ एकाच बटणावर, शिफ्ट दाबलं की दुसरं येतं. बाराखडी येणाऱ्या मुलाला हे पटकन कळतं. पुस्तक लिहिताना एकीने स दाबला, मग डी चं बटण दाबलं आणि ओरडली "काकू स चा पाय मोडला!" मग त दाबल्यावर स्त झालेलं बघून ती दोन मिनिटं नुसती जोडाक्षरंच करत बसली. जोडाक्षर कसं बनतं ते वहीत जितकं कळलं नव्हतं तितकं तिला तिथे कळलं असं मला ठामपणे वाटतं.

कर्वेनगरचे_आजोबा
ताई, तुमची तळमळ कळते आणि फुकट शिकवताय त्याबद्दल आदरच आहे, पण माझा विरोध आहे. मी 34 वर्षं प्राथमिकला शिकवलं. तिसरीतल्या मुलाची बोटं अजून पेन्सिल नीट धरायला शिकत असतात, र आणि ऱ्या चं वळण पक्कं व्हायला चौथी उजाडते. ह्या वयात बटण दाबलं की सुबक अक्षर मिळतं हे एकदा कळलं की गिरवायचा कंटाळा येतो, हे मी माझ्या नातवात बघतोय. पाढे तोंडपाठ नाहीत, परिच्छेद वाचताना बोट ठेवून अडखळतात, आणि आपण त्यांना सेव्ह शिकवतोय. स्वीडनसारख्या देशाने आधी टॅबलेट वाटले आणि 2023 मध्ये तिथल्या सरकारने परत छापील पुस्तकं आणि हाताने लिहिण्यावर जोर द्यायचं ठरवलं. त्यांच्याकडे पैशाची कमतरता नव्हती, तरी मागे फिरले.

दुसरं म्हणजे, साधन वापरता येणं आणि त्याचा उपयोग करणं ह्यात फरक आहे. असर ह्या ग्रामीण शिक्षणाच्या देशभरच्या पाहणीत 2024 मध्ये ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या मुलामुलींत 80 टक्क्यांहून जास्त जणांना स्मार्टफोन वापरता येत होता, पण आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असं सांगणारे 57 टक्के आणि सोशल मीडियासाठी 76 टक्के. हातात दिल्यावर मूल कुठे जातं ते ह्यात दिसतं.

पाषाणचा_बाबा
मी मात्र म्हणेन की ताई तुम्ही फारच कमी शिकवताय. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2014 पासून पाच वर्षांच्या मुलांपासून कॉम्प्युटिंग अभ्यासक्रमातच आहे. स्क्रॅच, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं साधन, 2007 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबने आणलं, फुकट आहे, आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना डोळ्यासमोर ठेवूनच बनवलंय, आणि त्याहून लहानांसाठी स्क्रॅच ज्युनिअर आहे. ह्याच्याही आधी 1967 मध्ये लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा आली, त्यात स्क्रीनवरच्या कासवाला हुकूम देऊन रेघा काढायच्या. मी स्वतः पाचवीत लोगो शिकलो. फॉरवर्ड 100, राईट 90 हे चार वेळा केलं की चौकोन. मग सरांनी त्रिकोण काढायला सांगितला, मी राईट 60 दिलं कारण त्रिकोणाचा कोन 60 चा असतो हे पाठ होतं, आणि कासव भलतीकडेच गेलं. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की कासव आतून नाही बाहेरून वळतं, 120 द्यायला पाहिजे. बाह्यकोन म्हणजे काय हे मी त्या दिवशी शिकलो आणि आजपर्यंत विसरलो नाही. आपण चुकलो, कुठे चुकलो ते शोधलं, दुरुस्त केलं, हे मुलांना द्यायचं नाही तर काय फक्त फाईल सेव्ह करायला शिकवायचं?

हिंजवडी_फेज3
बाबा, तुमचं उदाहरण फार छान आहे पण ते पाचवीतलं आहे, चर्चा तिसरीची चाललीय. मी 17 वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, मी कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तो अकरावीत आणि माझं काहीही अडलं नाही. माझ्या टीममध्ये नवीन मुलं येतात त्यांना नवी भाषा दोन महिन्यांत येते, पण ईमेलमध्ये चार वाक्यं सरळ लिहिता येत नाहीत, समोरच्याला काय पाहिजे ते नीट ऐकून घेता येत नाही. ते तिसरीतच घडतं, गोष्टी ऐकून, खेळून, भांडून. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सहा-सहा वर्षांच्या मुलांना कोडिंग शिकवायच्या जाहिरातींनी आईबापांना किती घाबरवलं होतं ते आठवा, आमच्या ओळखीतल्या एका घरात पगार कापलेला असताना हप्त्यावर क्लास लावला आणि मुलगी तीन आठवड्यांत बसेनाशी झाली, पैसे परत मिळवताना पुन्हा मनस्ताप. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सुद्धा कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यात ठेवलंय. मग आपल्याला एवढी घाई का?

आणि कासवाचा त्रिकोण अंगणात खडूने काढून मुलाला त्यावर चालायला लावा, कोपऱ्यावर किती वळतोस बघ म्हणा. तोच बाह्यकोन कळेल, ऊन पण मिळेल. लहान मुलांना चष्मे लागायला लागलेत, दिवसातून थोडा वेळ बाहेर उजेडात खेळणं डोळ्यांसाठी गरजेचं आहे हे डोळ्यांचे डॉक्टर कळकळीने सांगतायत.

भोरची_लेक
मी सहसा लिहीत नाही पण आजोबांचं आणि हिंजवडीवाल्या दादांचं वाचून राहवलं नाही. दादा तुमचं काही अडलं नाही कारण अकरावीत का होईना तुमच्या हातात आला. माझ्या हातात माऊस पहिल्यांदा आला एमएस-सीआयटीला, वय 19, बारावी होऊन एक वर्ष घरी बसून झालेलं. बाजूला आठवी-नववीतली शहरातली मुलं पटापट करत होती आणि माझा हात थरथरत होता, डबल क्लिक करताना मधे माऊस हलायचा आणि फोल्डर उघडायचंच नाही. तो संपूर्ण महिना मी खाली मान घालून गेले. शिकले, आज एका दवाखान्यात डेटा एन्ट्री आणि बिलिंग सांभाळते, पण ती लाज मी विसरले नाही.

आणि हे फक्त नोकरीचं नाही हो. आमच्या गावात स्कॉलरशिपचा फॉर्म, जातीचा दाखला, सीईटी, सगळं ऑनलाइन, आणि सगळ्यांचे पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत लिहिलेले. मुलीचा नंबर लागला का ते बघायला बाप एसटीने तालुक्याला जातो. माझ्या धाकट्या भावाच्या फॉर्मला जन्मतारीख चुकली होती, ती आम्ही नाही भरली, कॅफेत भरली, आणि आम्हाला उघडून बघता येत नव्हतं म्हणून शेवटच्या दिवशी कळलं. ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे त्यांची मुलं बघून बघून शिकतात, त्यांना शाळेत नाही शिकवलं तरी चालतं. ज्यांच्या घरी नाही त्यांना शाळा नाही तर कोण शिकवणार?

कर्वेनगरचे_आजोबा
लेकी, तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. तुझ्यावर जे आलं ते येऊ नये हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्यावर उत्तर तिसरी नाही, सहावी-सातवी आहे. बारा-तेराव्या वर्षी आठवड्याला दोन तास नीट दिले असते तर तुझा हात 19 व्या वर्षी थरथरला नसता. शिक्षणाला वेळ मर्यादित असतो, एक तास घातला की दुसरा कुठला तरी जातो. आणि प्राथमिकला जातो तो चित्रकलेचा नाहीतर खेळाचा, गणिताचा कधीच जात नाही.

चौथीच्या_बाई
मी मुळशीकडे एका सरकारी शाळेत आहे, नाव लिहीत नाही. खोलीत मुलं 38. लोकवर्गणीतून पाच कॉम्प्युटर आले होते, आज दोन चालू आहेत, यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वी गेली ती गेलीच. पावसाळ्यात एका सीपीयूत उंदराने घर केलं. दुरुस्तीला पैसा कुठल्या खात्यातून टाकायचा हे कुणी सांगत नाही, नवीन संच द्यायला मात्र लोक आनंदाने येतात, फोटो काढतात. माझ्या मते सगळ्या चर्चेत हा मुद्दा राहतोय. 2015 मध्ये ओईसीडी ह्या बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेने बऱ्याच देशांची तुलना करून सांगितलं होतं की शाळेत कॉम्प्युटरवर भरपूर खर्च केलेल्या देशांत वाचन आणि गणितात म्हणावी तशी सुधारणा दिसली नाही. मला आश्चर्य वाटलं नाही. वस्तू येते, शिकवणारा आणि सांभाळणारा येत नाही.

तरी मी विरोधात नाही. न्यूझीलंडमधल्या प्राध्यापकांनी कॉम्प्युटर न वापरता कॉम्प्युटरचं शास्त्र शिकवायचे खेळ तयार केलेत, त्यातला एक मी केला. पटांगणात खडूने बिल्लससारख्या चौकटी आणि रेघा आखल्या, सहा मुलं सहा आकडे हातात घेऊन सुरुवातीच्या चौकटींत उभी. पुढच्या चौकटीत दोघं भेटले की लहान आकडेवाल्याने डावीकडची वाट धरायची, मोठ्याने उजवीकडची. शेवटी सगळे आपोआप लहान ते मोठे असे ओळीने लागतात. पोरांनी दहा वेळा केलं, मग एकाने विचारलं बाई उलटं उभं राहिलं तरी होईल का, करून बघितलं, झालं. वीज लागली नाही, पैसे लागले नाहीत.

पाषाणचा_बाबा
बाई हे फारच भारी आहे. हे सुद्धा कोडिंगच आहे असं मी म्हणेन, तेव्हा ताईंनी कोडिंग नको म्हणायचं सोडावं.

सिंहगडरोडची_आई
बाबा, नाव काय द्यायचं ह्यावर माझं भांडण नाही, हा खेळ मी ह्याच शनिवारी घेणार. मला नको आहे ते आठ वर्षांच्या मुलाला ॲप बनवायला लावून सर्टिफिकेट देणं.

आजोबा, लिहायचा कंटाळा येतो हे तुमचं म्हणणं मी गांभीर्याने घेतलंय. म्हणून आता टाईप करायचा मजकूर मुलांनी आधी वहीत हाताने लिहून आणायचा असा नियम करते, वही नाही तर खुर्ची नाही. तिसरीच्या बाबतीतही मी थोडी मागे येते, वाचायला अजून अडखळणारी तीन मुलं आहेत त्यांना ह्या टर्मला फक्त गोष्टीची पुस्तकं देईन. पण सहावीपर्यंत थांबायला माझी तयारी नाही. मोबाईल सहावीपर्यंत थांबत नाही ना. ती मुलं पाचव्या वर्षापासून स्क्रीनसमोर आहेतच, फक्त त्यात ती बघणारी आहेत, करणारी नाहीत. मी चाळीस मिनिटं त्यांना करणारं बनवते, आणि तेवढ्या वेळात सलग व्हिडिओ एकही लावत नाही.

कर्वेनगरचे_आजोबा
वहीचा नियम चांगला. चौथीला चालेल असं म्हणतो. तिसरीला माझा विरोध कायम आहे, तो कुणाच्या सांगण्याने जाणार नाही.

चौथीच्या_बाई
ताई, दोन पीसी आणि 38 मुलं असल्यावर टायपिंगचं काय करायचं? तुमच्याकडे पण चारच आहेत, बाकीची मुलं तोपर्यंत काय करतात?

सिंहगडरोडची_आई
बाई, पुठ्ठ्याचे कीबोर्ड. मिठाईच्या खोक्यांची झाकणं जमवली, वर कागद चिकटवून इनस्क्रिप्टची अक्षरं मुलांनीच लिहिली. पहिले मी मोठे केले होते दिसायला बरे म्हणून, ते चुकलं, खऱ्या कीबोर्डवर आल्यावर बोटं भलतीकडे पडायला लागली. आता खऱ्या मापाचे करतो, एका बटणाच्या मध्यापासून पुढच्या बटणाच्या मध्यापर्यंत 19 मिलिमीटर, आणि प्रत्येक खालची ओळ थोडी उजवीकडे सरकवून. एफ आणि जे ला खऱ्या कीबोर्डवर बोटाला लागते तशी बारीक उंच रेघ असते, तिथे फेविकॉलचा थेंब वाळवून ठेवा, म्हणजे न बघता बोट जागेवर येतं.