सोलापूर–पुणे टनेलमधून फाइल सरकतच नाही, नेट मात्र फुल्ल येतंय

टॉवेलवाला:
नमस्कार मंडळी, आमचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे आणि हेड ऑफिस पुण्यात, दोन्हीकडे २०० एमबीपीएसचं फायबर आहे आणि मध्ये ओपनव्हीपीएनचा टनेल (नेटवरूनच दोन ऑफिसं जोडणारा एन्क्रिप्टेड खासगी रस्ता) राऊटरवरच टाकलाय, टीसीपी मोडमध्ये (हरवलेलं पॅकेट परत पाठवणारी पद्धत). जॅकार्डच्या डिझाइनचे स्कॅन, सीएडी फाइली सगळं पुण्याच्या एनएएसवर (नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजवर) असतं. स्पीडटेस्ट केली की दोन्हीकडे १९० च्या वर, पण टनेलमधून फाइल ओढायला लागलं की १५-१६ च्या वर जातच नाही. काल दोन जीबीचं फोल्डर घ्यायला पाव तास गेला, तोवर माग बंद आणि मास्तर माझ्या खुर्चीमागे उभा. नेटवाला म्हणतो लाईन क्लिअर आहे. दोन्हीकडे आयपीव्ही४ सीजीनॅटच्या मागं (एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला, बाहेरून थेट जोडता येत नाही) असल्यामुळं आयपीव्ही६ च्या डीडीएनएसवर (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सेवा) जोडलंय. प्लॅन वाढवू का?

नेटवर्कअण्णा:
प्लॅनला हात लावू नका, पैसे वाया जातील. स्पीडटेस्ट बहुतेक वेळा जवळच्या सर्व्हरशी होते, तुमच्या सोलापूर-पुणे रस्त्याबद्दल ती काहीच सांगत नाही. दोन्हीकडे एकेका पीसीवर आयपर्फ३ (दोन पीसींमधला वेग मोजणारं टूल) टाका आणि आधी टनेल सोडून थेट मोजा, मग टनेलमधून, आणि दोन्ही दिशांनी मोजा कारण एका बाजूचं अपलोड म्हणजेच दुसऱ्या बाजूचं डाउनलोड. आणि हे चालू असताना राऊटरमध्ये शिरून सीपीयू बघा, सरासरी नको, एकेक कोर वेगळा बघा.

टॉवेलवाला:
केलं अण्णा. थेट १८०, टनेलमधून १६, दोन्ही दिशांनी तेवढंच. एकाच वेळी चार स्ट्रीम (जोडण्या) लावले तरी बेरीज १६ च. राऊटरचा एक कोर १०० टक्के, बाकीचे निवांत बसलेत.

नेटवर्कअण्णा:
मग चोर सापडला की. स्ट्रीम वाढवूनही बेरीज वाढत नाही म्हणजे लाईनचा दोष नाही, राऊटर एन्क्रिप्शन करता करता दमतोय. ओपनव्हीपीएनचं साधं सेटअप एकाच थ्रेडवर (म्हणजे एका वेळी एकाच कोरवर) चालतं आणि प्रत्येक पॅकेट कर्नलमधून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून) बाहेर प्रोग्रॅमकडे येतं, तिथं एन्क्रिप्ट होतं, परत कर्नलमध्ये जातं. छोट्या राऊटरच्या चिपमध्ये एईएससाठी (ही एन्क्रिप्शनची पद्धत) वेगळं हार्डवेअर नसलं तर त्याचा घामच निघतो. वर तुम्ही टीसीपीत टीसीपी घातलंय, एखादं पॅकेट हरवलं की आतला पण परत पाठवतो आणि बाहेरचा पण, लाईन जरा खराब झाली की अजून रडेल.
वायरगार्डवर जा, हा दुसरा व्हीपीएन. ते २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे (५.६ पासून), यूडीपीवर चालतं (हरवलेलं परत पाठवायच्या भानगडीत न पडणारी पद्धत), चाचा२० नावाचं एन्क्रिप्शन वापरतं म्हणून एईएस हार्डवेअरची गरज नाही, आणि काम सगळ्या कोरवर वाटतं. ऑफिसात जुने आयथ्री पीसी पडून असतील तर दोन्हीकडे एकेक बसवा, राऊटरला फक्त राऊटिंग करू द्या.

टॉवेलवाला:
दोन्हीकडे जुने डेस्कटॉप बसवले, वायरगार्ड चालू झालं. पण आता नवीनच कटकट, पिंग व्यवस्थित, छोटी एक्सेल पटकन उघडते, मोठी फाइल लावली की जरा पळते आणि जागेवरच थांबते, ईआरपीचं (कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं) लॉगिन पान अर्धं येऊन लटकतं. ओपनव्हीपीएन हळू होतं पण असं कधी अडकलं नव्हतं.

होटगीरोड:
अडकणारच, हा एमटीयूचा (एका वेळी जाऊ शकणाऱ्या सर्वात मोठ्या पॅकेटच्या मापाचा) घोळ आहे. तुमचं फायबर पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्डनं जोडणारी पद्धत) आहे ना? मग लाईनचा एमटीयू १४९२. वायरगार्ड डीफॉल्ट १४२० धरतं आणि आयपीव्ही६ वरून जाताना वर ८० बाइट चढवतं (४० आयपीव्ही६, ८ यूडीपी, ३२ वायरगार्डचे स्वतःचे), म्हणजे झाले १५००, आठ बाइट जास्त. आयपीव्ही४ असतं तर ६० च चढले असते, १४८० मध्ये निघून गेलं असतं आणि तुम्हाला पत्ताही लागला नसता. आयपीव्ही६ मध्ये मधला राऊटर पॅकेट तोडत नाही, "मोठं आहे" असा आयसीएमपी निरोप मागं पाठवतो, तो निरोप किंवा तोडलेले तुकडे कुठल्या फायरवॉलनं अडवले की छोटी पॅकेटं जातात आणि मोठी गायब. ओपनव्हीपीएन टीसीपीवर होतं, तिथं बाहेरचं टीसीपीच तुकडे जमवून घ्यायचं म्हणून हे झाकलं गेलं.
वायरगार्डचा एमटीयू दोन्ही टोकांना १४१२ करा, एकाच टोकाला करून थांबू नका. मागच्या पीसींसाठी एमएसएस क्लॅम्प (टीसीपी पॅकेटमधल्या डेटावरची मर्यादा) पण लावा, १३७२ (१४१२ वजा हेडरचे ४०). मग टनेलमधून डोन्ट फ्रॅगमेंट (पॅकेट तोडू नको) लावून १३८४ साइजचा पिंग द्या (वर हेडरचे २८ मिळून १४१२), तो गेला पाहिजे आणि १३८५ चा अडला पाहिजे.

टॉवेलवाला:
१३८४ गेला, १३८५ अडला! ईआरपी झटक्यात उघडतंय, फाइल कॉपी १६० च्या आसपास टिकून आहे, तेच फोल्डर दोन मिनिटांच्या आत आलं. लई आभार दोघांचे. हे १८० पर्यंत जाईल का अजून?

होटगीरोड:
पूर्ण नाही जाणार, प्रत्येक मोठ्या पॅकेटमागं ते ८० बाइट द्यावेच लागतात, पाचेक टक्के तिथंच गेले, उरलेलं फाइल शेअरिंग खातं. १६० झकास आहे. फक्त दोन्ही डेस्कटॉपच्या बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग करून ठेवा, आणि डीडीएनएसचा पत्ता बदलला तर वायरगार्ड स्वतःहून नाव परत शोधत नाही, त्यासाठी दर दोन मिनिटांनी एंडपॉइंट (समोरच्या टोकाचा पत्ता) तपासणारी छोटी स्क्रिप्ट क्रॉनला (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीला) लावा.