मदत हवी आहे: सिकलसेलच्या तक्त्याला हार्डी-वाइनबर्ग लागू होत नाही, कारण कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी,

नागपुरात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतोय, शेवटचं वर्ष. जनुकशास्त्रातल्या संख्याशास्त्रीय पद्धती हा विषय मी मुद्दाम निवडला. माझ्या मावसबहिणीला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे आणि विदर्भात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. जीवशास्त्र मात्र दहावीनंतर सुटलं.

प्रकल्पासाठी सरांनी जुन्या तपासण्यांचा तक्ता दिलाय. नावं काढलेली आहेत, समोर फक्त एए (एस जनुक नाही), एएस (एक एस जनुक, म्हणजे वाहक) किंवा एसएस (दोन्ही एस, म्हणजे रुग्ण). तपासणी इलेक्ट्रोफोरेसिसची (विजेने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी) आहे, त्यामुळे वाहक आणि रुग्ण वेगळे ओळखता येतात. नुसत्या सॉल्युबिलिटी टेस्टमध्ये, म्हणजे साध्या झटपट चाचणीत, दोन्ही पॉझिटिव्हच दिसतात.

आकडेमोडीची अडचण नाही. एस जनुकाचं प्रमाण क्यू काढलं, त्यावरून हार्डी-वाइनबर्गच्या नियमाने (जनुकाच्या प्रमाणावरून गटांची संख्या सांगणारा नियम) तिन्ही गटांची अपेक्षित संख्या काढली, काय-स्क्वेअर (प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतला फरक तपासणारी कसोटी) लावला. गट तीन, एक प्रमाण डेटावरूनच काढलेलं, म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) १. उत्तर ३.८४ च्या, म्हणजे निव्वळ योगायोगाने चालेल अशा पाच टक्क्यांच्या मर्यादेच्या, बरंच वर गेलं. वाहक अपेक्षेपेक्षा कमी, रुग्ण जास्त.

इथेच अडलोय. मलेरियापासून वाहकांना संरक्षण मिळतं, म्हणजे मोठ्या माणसांत वाहक जास्त निघायला हवेत. मग हे उलटं कसं? नात्यातली लग्नं हे कारण असेल का? वर्गातले मित्र म्हणतात, "डेटा खराब आहे असं लिही आणि मोकळा हो." मला ते पटत नाही. यामागे खरी माणसं आहेत, कारण कळायलाच हवं. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

डेटा खराब आहे असं अजिबात लिहू नका. आधी सांगा, हा तक्ता एका गावाचा आहे की सगळी गावं एकत्र केली आहेत? आपल्याकडे लग्नं जातीत, जमातीत होतात आणि सिकलसेलचं प्रमाण समाजागणिक फार वेगळं असतं. हार्डी-वाइनबर्गचं गृहीतक आहे की कोणाचंही कोणाशी लग्न होऊ शकतं. दोन समाज एका तक्त्यात आले की ते तिथेच मोडतं.

हातानेच करून बघा. समजा एका समाजात क्यू ०, दुसऱ्यात ०.३, दोन्हींतून १०० माणसं. आपापल्या जागी दोन्ही समाज नियमात तंतोतंत बसतात. एकूण वाहक ४२, रुग्ण ९. आता एकत्र करा: क्यू ०.१५, अपेक्षित वाहक ५१, रुग्ण ४.५. काय-स्क्वेअर ६.२ च्या आसपास येतो. ना नैसर्गिक निवड, ना चुकीची तपासणी, तरी वाहक कमी! याला वालुंड परिणाम म्हणतात, १९२८ पासून माहीत आहे.

नात्यातल्या लग्नांचं म्हणाल, तर सगळीच्या सगळी लग्नं आतेमामे भावंडांत झाली तरी वाहक १/१६ नेच, म्हणजे सव्वासहा टक्क्यांनी घटतात. वरच्या उदाहरणात घट जवळपास १८ टक्के आहे. तुमची घट किती ते काढा, म्हणजे हे कारण पुरतं की नाही ते लगेच कळेल.

आणि हो, अपेक्षित रुग्ण ५ पेक्षा कमी असतील तर काय-स्क्वेअरवर विसंबू नका, एक्झॅक्ट टेस्ट (लहान आकड्यांसाठी शक्यता थेट मोजणारी कसोटी) घ्या.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण माणसं तक्त्यात आली कुठून तेही विचारा. दवाखान्यात अंग दुखतं म्हणून आलेले आणि गावातल्या शिबिरात सरसकट तपासलेले एकत्र असतील, तर रुग्ण जास्त दिसणारच. वाहकाला सहसा त्रास नसतो, तो काहून येईल दवाखान्यात? मलेरियाचा फायदा खरा आहे, पण एका पिढीत त्याने होणारा फरक या दोन कारणांखाली सहज दडून जातो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. घट २० टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे नात्यातली लग्नं एकटी पुरत नाहीत. तक्त्यात गावाचा रकाना आहे, समाजाचा आणि नमुना कुठे घेतला याचा नाही. ते दोन्ही मूळ नोंदवहीत असतील असं सर म्हणाले. गावनिहाय वेगळे काय-स्क्वेअर काढून त्यांची बेरीज केली, तर डिग्री ऑफ फ्रीडम गावांच्या संख्येइतकी धरायची ना?

प्रतिसाद १

हो, प्रत्येक गावाचं क्यू वेगळं काढलंत तर तेवढीच. पण एका गावातही दोन-तीन समाज असतात. समाजाची नोंद मिळाली तर तीच विभागणी आधी करा, आणि दवाखान्यातले नमुने या कसोटीतून बाहेर ठेवा.