थेरपिस्टनी जागा बदलली: सवय करायची की अटी घालायच्या?

टिळकवाडीकर:
बेळगावात टिळकवाडीतल्या शांत गल्लीतनं उठून थेरपिस्ट खडेबाजारात दुकानांच्या वर गेले, की पेशंटचं बोलणं आटतं. हे खूळ नव्हे. खोली, वेळ, खुर्ची ही उपचाराची चौकट. अर्जेंटिनाचे मनोविश्लेषक होसे ब्लेगर यांनी १९६७ मध्येच मांडलंय की ती हलेपर्यंत जाणवतच नाही. महिनाभर आधी कळवायला सांगा. जुन्या खोलीतलं शेवटचं सत्र जागा सोडण्यावरच बोलायला ठेवा.

निपाणीवाला:
एवढे लाड कशाला ओ? माणूस तोच, ५० मिनिटं तीच. टाळाल तितकी धास्ती वाढते. आदल्या दिवशी नुसतं जाऊन या: बस कुठं थांबते, जिना कुठला. पाटीवर कन्नड ठळक असणार. वाचता येत नसेल तर फोटो काढून ठेवा. पहिल्या दिवशी २० मिनिटं आधी पोचा. झालं की!

खानापूरकरीण:
जिना सापडतो हो, जिन्यात भेटणाऱ्यांचं काय? खाली ओळखीचा कापडवाला, 'इकडं कुठं?' म्हणून विचारणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम २३ गोपनीयतेचं आहे खरं, पण प्लायचं पार्टिशन कायदा वाचत नाही. एकानं आत नेहमीच्या आवाजात बोलावं, दुसऱ्यानं बाहेरच्या बाकावर बसून ऐकावं. शब्द कळले तर दाराखालच्या फटीला रबरी पट्टी आणि बाहेर घरघरणारा पंखा मागा. टीव्ही नको, त्यातलं भांडण आत येतं. दोन पेशंटांमध्ये १० मिनिटं मोकळी हवीत, म्हणजे दारात गाठ पडत नाही. बस बदलावी लागली तर तिकिटाचंही बघा: शक्ती योजनेचा फुकट प्रवास कर्नाटकातल्या बायकांना, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या बाईला नाही.

निपाणीवाला:
आवाजाचं मान्य. पण त्यावरून लोक फोनवरच सत्र मागतात. घरात सासू पलीकडच्या खोलीत, मग बोलणार काय? एखादं ठीक, सवय नको.

टिळकवाडीकर:
मग मुदत घाला. तीन सत्रं नव्या जागेत, दार दिसेल अशा खुर्चीत. 'इथं बोलवत नाही' हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं, निघताना उंबऱ्यावर नव्हे. तिथं सांगितलेलं आठवडाभर लोंबकळतं. मधल्या दिवसांत फारच जड झालं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठी-कन्नड दोन्ही चालतं.

खानापूरकरीण:
तीन सत्रांनी कापडवाला हलतोय होय? संध्याकाळची वेळ सोडून सकाळी साडेनऊची मागा. निम्मी शटरं तेव्हा खालीच असतात.