थिबा राजावरील नाटकाचा दुसरा अंक कसा उभा करावा?

प्रश्न :
ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा 1886 पासून 1916 मध्ये मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. त्याच्यावर मी दोन अंकी नाटक लिहीत आहे. पहिल्या अंकात, नोव्हेंबर 1885 मध्ये मंडाले इंग्रजांच्या हाती पडते तिथपासून, प्रसंगांची रेलचेल आहे. दुसऱ्या अंकात मात्र तीस वर्षे उरतात आणि त्यांत ना लढाई, ना पलायन. ही वर्षे रंगमंचावर कशी आणावीत?

प्रतिसाद 1 :
पहिला अंक काढूनच टाकावा, असे माझे मत आहे. मंडालेचा पाडाव राजाच्या तोंडून, दर वेळी थोडा बदलून, ऐकू येऊ द्या. नेपथ्याविषयी एक सावधगिरी : आज आपण ज्याला थिबा राजवाडा म्हणतो तो 1910 मध्ये बांधून झाला, म्हणजे राजा तेथे जेमतेम सहा वर्षे राहिला.

प्रतिसाद 2 :
घटना नाहीत हे मला पटत नाही. त्या राजाच्या वाट्याला नसून मुलींच्या वाट्याला आहेत. राजा आणि राणी सुपयालत ही सावत्र भावंडे होती, कारण रक्त शुद्ध राखण्यासाठी त्या घराण्यात असे विवाह होत; अशा आईबापांची थोरली लेक वाड्यावरच्या पहारेकऱ्याच्या प्रेमात पडते आणि त्याच्यापासून तिला मुलगी होते, हा प्रसंग एकटाच अंकभर पुरेल. धाकटीचा तर जन्मच 1887 मध्ये रत्नागिरीत झाला. मंडाले तिने फक्त ऐकलेले. वडील ज्याला कैद म्हणतात, ते तिचे माहेर.

प्रश्नकर्ता :
थोरलीचा प्रसंग मी एका संवादात उरकला होता, तो आता पुन्हा लिहितो. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक 1908 ते 1914 या काळात मंडालेच्या तुरुंगात होते, हा योगायोग वापरावा का?

प्रतिसाद 1 :
प्रेक्षकांना तो ठाऊक असतो, आणि पात्राने बोलून दाखवला की नाटकाचे व्याख्यान होते. वाटल्यास राजासमोर त्या बातमीचे वर्तमानपत्र घडी न मोडता पडू द्या.

प्रतिसाद 2 :
शेवटही राजाच्या मृत्यूवर नको. राणी 1919 मध्ये मायदेशी परतली, तीही मंडालेला नव्हे, रंगूनला. राजाची कबर रत्नागिरीतच राहिली. सामान बांधणारी राणी आणि आपले काय काय बरोबर न्यायचे हे न सुचणाऱ्या, येथेच वाढलेल्या मुली, एवढ्यावर पडदा पाडता येईल.