घोडदळाच्या ‘चार्ज’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादक: इंग्रज कवी टेनिसनची ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ ही कविता मराठीत करतेय. शीर्षकाशीच घोडं अडलंय. ‘हल्ला’ पायदळाचाही असतो. इथे २५ ऑक्टोबर १८५४ ला क्रिमियातल्या बालाक्लाव्हाच्या दरीतून सहाशेहून जास्त ब्रिटिश स्वार थेट रशियन तोफांवर जातात. ‘एल्गार’ चालेल?

शिलेदार: एल्गार तुर्की, फारसीतून आलेला. मुळात भरधाव जाऊन घातलेली धाड. पण आज एल्गार म्हटलं की मोर्चा दिसतो, घोडा दिसत नाही. आपल्याकडे शत्रूवर ‘घोडे घालतात’. तेच वापरा.

मायमराठी: परके शब्द कशाला? ‘अश्वदळाची चढाई’ म्हणा.

शिलेदार: ‘तोफ’ही तुर्कीच, ती काढणार का? आणि चढाई कसली, ते दरीतून उतरत गेले.

पागा: घोडे पहिल्यापासून उधळत नाहीत. आधी चाल, मग दुडकी, मग चौखूर. लगाम सुटतात ते अगदी शेवटी. आधीच सोडले तर दम तुटतो, रांग फुटते आणि भिडताना धक्काच उरत नाही. इथे अंतर जवळजवळ दोन किलोमीटर, तोफा समोर आणि दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर. ब्रिगेडचा प्रमुख कार्डिगन रांग आवरून नेत होता, त्यामुळे मारा जास्त वेळ खावा लागला. खरा ‘चार्ज’ म्हणजे शेवटचा टप्पा, कविता मात्र अख्ख्या वाटेची आहे. म्हणून ‘दौड’. शिवाय मूळ लय गुरु-लघु-लघु, आपला भगण. ती टापांसारखी वाजते. ती सोडू नका.

शिलेदार: ‘लाइट’चं ‘हलकी’ नको, कमी प्रतीची वाटेल. टेहळणी आणि पाठलाग ही त्यांची कामं. ‘चपळ’ बरं.

मायमराठी: मग ‘चपळ रिसाला’?

पागा: रिसाला म्हणजे एक रेजिमेंट. इथे पाच होत्या.

अनुवादक: बरं, कवितेतल्या ‘समवन हॅड ब्लंडर्ड’ या ओळीत ‘घोडचूक’ केलं तर?

शिलेदार: नको! मरणाच्या कवितेत कोटी वाटेल.

मायमराठी: कोटी कशी? घोडनवरी, घोडचूक, दोन्हींत ‘घोड’ म्हणजे मोठं, वाढलेलं. जनावराचा संबंध नाही.

पागा: अर्थ बरोबर, पण वाचणाऱ्याला घोडा दिसणारच. आणि ती ओळ नाजूक आहे. १८५५ च्या संग्रहात टेनिसनने ती गाळली होती, पुढे परत घेतली. चूक हुकमाच्या चिठ्ठीत होती. ब्रिटिश सरसेनापती रॅग्लनला उंचावरून दिसत होत्या त्या रशियनांनी टेकड्यांवर काबीज केलेल्या तोफा. चिठ्ठीत नुसतंच ‘तोफा’. खाली दरीत घोडदळाचा प्रमुख लुकनला त्या दिसतच नव्हत्या. तोफा कोणत्या, हे विचारल्यावर चिठ्ठी घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनने हात केला तो दरीच्या टोकाकडे, असं सांगतात. म्हणून साधं ‘कुणीतरी चुकलं’ ठेवा.

मायमराठी: कुसुमाग्रजांनी नेसरीच्या लढाईवर लिहिताना त्या दौडीला चूक म्हटलं नाही, ‘वेडात’ म्हटलं.

शिलेदार: तिथे प्रकरणच वेगळं. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव स्वतःच बहलोलखानावर तुटून पडले, कुणाच्या चिठ्ठीचा घोळ नव्हता. ‘वेडात’ म्हणजे भान हरपून. बालाक्लाव्हाचे स्वार भानावर होते, हुकूम चुकीचा वाटूनही गेले.

मायमराठी: महाराजांची ताकीद होतीच की! बहलोलला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, अशी. तो हुकूम नव्हे का?

शिलेदार: ताकीद वेगळी, हुकूम वेगळा.

अनुवादक: आणि शीर्षक?