मदत हवी आहे: संडे स्कूलमध्ये संवेदनशीलता शिकवताना अडलोय

सर्वांना सलाम. वेंगुर्ल्याजवळची मंडळी (चर्च), 11 ते 14 वयाची 13 मुलं, रविवारी 40 मिनिटं. विषय: दुसऱ्याचं मन ओळखणं.

बायबलमधला योहान 11 हा अध्याय छान झाला. मेलेल्या लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही त्याच्या बहिणीला, मरीयेला, रडताना पाहून येशू रडला, हे मुलांना भिडलं. ईयोब 2:13 पण झाला: दुःखात बुडालेल्या ईयोबाजवळ त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं, बिघडलं ते बोलायला लागल्यावर. धड्यात कळतं, वागण्यात उतरत नाही. जूनमध्ये मासेमारी बंद असताना एका खलाशाचा मुलगा सहलीची वर्गणी न आणता मागच्या बाकावर बसला. बाकीच्यांनी लगेच "देव देईल रे" म्हणत पाठ थोपटली. त्याने मान आणखी खाली घातली. हेतू चांगलाच, पण त्याला काय हवंय हे कोणाच्या मनात आलं नाही, आणि चारचौघांत तर तो विषयच नको होता.

नाटुकली करून पाहिली. मुलं अभिनयात रमतात, ऐकणं राहतं. आठवड्याला एक मदत लिहायची वही ठेवली. ती वर्गात वाचली जायची, म्हणून तीन रविवारांत शाबासकीसाठी लिहिणं सुरू झालं. बंद केली.

पावसात घरभेटी जमत नाहीत, बक्षिसं नको आहेत. एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, हे जोडीजोडीने 10 मिनिटांत कसं सरावून घ्यावं? आणि मूल खरंच बदलतंय, हे तुम्ही कशावरून ओळखता?